काडीमोड झाला, कर्जाचं काय?

आमच्या तालुक्याच्या गावी महिला समुपदेशन केंद्रात मी आठवड्यातले दोन दिवस बसते. येणारी बाई काय सांगणार हे आता दारातूनच थोडंफार कळतं. मारहाण, दारू, सासरचा जाच, थकलेली पोटगी... पण गेल्या पावसाळ्यात एक ताई आली आणि खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिनं विचारलं, 'मॅडम, सिबिल खराब म्हणजे काय ओ?'

वय चौतीस-पस्तीस. २०२२ साली परस्पर संमतीनं घटस्फोट झालेला. एका मुलीला घेऊन माहेरी, म्हणजे भावाच्या दोन खोल्यांतल्या एका खोलीत राहते. ब्लाऊज शिवते. हात चांगला आहे, गिऱ्हाईक आहे. पिको-फॉल आणि ओव्हरलॉकची मशीनं घ्यायची म्हणून ऐंशी हजारांचं कर्ज मागायला बँकेत गेली, तर साहेबांनी कॉम्प्युटरकडे बघून सांगितलं, 'तुमचं सिबिल खराब आहे, होणार नाही.' ही म्हणाली, 'अहो, मी जन्मात कधी कर्ज काढलं नाही!' साहेब म्हणाले, 'घरकर्ज थकलंय ना तुमचं.' ही तिथून उठली ती थेट आमच्याकडे.

माझ्या लेकीनं मोबाईलवर तिचा अहवाल काढून दिला. स्कोअर ५४०. खाली दोन खाती. एक २०१७ मधलं घरकर्ज, त्यात ही सहकर्जदार. सात हप्ते थकलेले. दुसरं नवऱ्याच्या मोटारसायकलचं, त्यात ही जामीनदार. दोन्हीवर सही तिचीच. घरकर्जाच्या वेळी 'तुझं नाव लागतंय, सही कर' म्हणाले, हिनं केली. मोटारसायकलच्या वेळी तर ती स्वयंपाकघरात होती, कागद आत आणून दिले होते.

तिनं पिशवीतून कोर्टाचा हुकूम काढला. प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेला. त्यातल्या संमतीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की सदर फ्लॅट पतीकडे राहील व त्यावरील कर्ज पती फेडेल. 'हे बघा की मॅडम, जज्जसाहेबांची सही आहे. मग बँक मला कशी धरती?'

मैत्रिणींनो, हाच आजचा विषय. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. केंद्रात गेल्या दोन-तीन वर्षांत अशा बऱ्याच जणी आल्या, आणि प्रत्येकीच्या पिशवीत असाच एक हुकूम होता.

घटस्फोटाचा हुकूम नवरा-बायकोला बांधतो, बँकेला नाही. बँक त्या दाव्यात नव्हतीच. बँकेचा करार वेगळा, तुमच्या दोघांच्या सहीचा. १८७२ सालच्या करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे दोघांनी मिळून वचन दिलं असेल तर घेणेकरी दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. अर्धी-अर्धी नाही, पूर्ण! त्याच कायद्याचं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आपल्याकडे 'जामीन राहिले, पैसे थोडेच घेतले' असं सहज म्हणतात. ते बोलायला ठीक आहे, कायद्यात त्याला जागा नाही. नवरा अट मोडतो तेव्हा कोर्टात त्याच्याविरुद्ध दाद मागता येते, आपण भरलेले पैसे त्याच्याकडून वसूल करता येतात. पण ते नंतर. आधी बँक आपल्याला धरणार.

मी काही कॉमर्सवाली नाही. बी.ए. मराठी. त्या ताईचं प्रकरण हातात आल्यावर घरी येऊन आमचं स्वतःचं कपाट उघडलं, तेव्हा कळलं की यांच्या एका मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला मीही जामीन आहे! यांना विचारलं तर म्हणाले, 'हां, तेव्हा एक नाव कमी पडत होतं.' सोळा वर्षं बायकांना कागद वाचा म्हणून सांगणारी मी... असो.

आता याला चालू घडामोड का म्हणायचं? तर गेल्या काही वर्षांत बाईचं नाव कागदावर येण्याचं प्रमाण फार वाढलं, आणि ते चांगल्या हेतूनंच वाढलं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही ही अट होती, तीही २०२३ मध्ये काढली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या शहरी पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांना घरातल्या बाईचं नाव मालकीत हवं अशी अट घातली. महिला कर्जदाराला व्याज किंचित कमी लावणाऱ्या बँकाही आहेत. नीती आयोगानं मार्च २०२५ मध्ये एक अहवाल काढला. त्यात म्हटलंय की डिसेंबर २०२४ पर्यंत २ कोटी ७० लाख बायका स्वतःचा पतअहवाल पाहत होत्या, आदल्या वर्षापेक्षा ४२ टक्के जास्त. वाचून मला आनंदच झाला. फक्त आमच्या केंद्रात येणाऱ्या बायका त्या दोन कोटी सत्तर लाखांत नाहीत. त्यांना नकार मिळाल्यावर कळतं की आपल्या नावाचा असा काही अहवाल असतो.

इथे एक फरक डोक्यात पक्का बसवा. खरेदीखतावर नाव असणं म्हणजे मालकी. कर्जाच्या कागदावर नाव असणं म्हणजे देणं. मालक असेल त्याला बँक सहसा कर्जातही घेतेच. पण कर्जात घेतलं म्हणून कोणी मालक होत नाही. आमच्या ताईचं नेमकं हेच झालं होतं. फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, आणि कर्ज दोघांच्या. तिचा शिवणकामाचा दाखला उत्पन्नात धरला, तेवढं कर्ज वाढून मिळालं. लग्न टिकलं असतं तर हा फरक कधी उघडकीलाही आला नसता.

बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या बायकांची गोष्ट याहून बिकट. तिथे कर्ज बाईलाच देतात, म्हणून कागदावर एकटी तीच. पैसे गेले नवऱ्याच्या टेम्पोच्या दुरुस्तीत. घर मोडलं तरी दर आठवड्याला वसुलीचा माणूस हिच्याच दारात. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत कर्ज देताना 'कुटुंब' धरायचं ते नवरा, बायको आणि अविवाहित मुलं, आणि हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावेत असं आहे. देताना कुटुंब मोजतात. फेडताना मात्र जिची सही ती.

आता बोज्याकडे येते. बोजा हा शब्द आपल्याला शेतामुळे माहीत आहे. विकास सोसायटीचं पीककर्ज काढताना इकरार करून दिला की सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचं नाव चढतं. शहरात हेच बँकेच्या गहाणखतानं होतं. थकलं तर पुढचा रस्ता कर्ज कोणाचं यावर ठरतो. बँकेचं घरकर्ज सलग ९० दिवस थकलं की खातं 'एनपीए' होतं आणि २००२ च्या सरफेसी कायद्याची नोटीस निघते. साठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर घराचा ताबा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. पतसंस्थेची रीत निराळी. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवते आणि वसुली अधिकारी जामीनदाराच्याही मिळकतीवर येतो. पेपरात जप्तीच्या जाहिराती येतात त्यातली जामीनदारांची नावं कधी वाचून बघा. त्यात बायका किती असतात!

आमच्या ताईला नोटीस मिळालीच नव्हती. बँकेच्या दप्तरी तिचा पत्ता अजून त्या फ्लॅटचाच. पत्रं तिथे जात होती, आणि तिथून तिला कोण कळवणार? एवढी साधी गोष्ट, पण घर सोडलेल्या बाईनं पहिल्या आठवड्यात बँकेला नवीन पत्ता आणि नवीन मोबाईल नंबर लेखी कळवायला हवा आणि पोच घ्यायला हवी. तिला हे दीड-दोन वर्षं आधी समजलं असतं तर सात हप्ते थकेपर्यंत वेळ आली नसती.

दुसरी एक मावशी आठवतात. त्यांना तडजोडीत एक एकर जमीन मिळाली. केवढं कौतुक झालं, पोटगीऐवजी जमीन मिळाली म्हणून! सहा महिन्यांनी तलाठ्याकडे गेल्या तर सातबारावर सोसायटीचा इकरार आणि वर एका बँकेचा बोजा. जमीन त्यांच्या वाट्याला आली, पण कर्जासकट. जमीन किंवा घर पदरात पडणार असेल तर संमतीपत्रावर सही करायच्या आधी ताजा सातबारा आणि त्यावरचे फेरफार, गावठाणात किंवा शहरात असेल तर मालमत्ता पत्रक, हे काढायचंच. जुनी झेरॉक्स चालत नाही, कारण बोजा काल चढलेला असू शकतो.

दावा चालू असतानाच नवरा घरावर नवं कर्ज काढतो किंवा भावाच्या नावे विकून मोकळा होतो, हेही नेहमीचं. त्याला अडवता येतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली, राहतं घर विकू नये, त्यावर बोजा चढवू नये असा मनाई हुकूम मागता येतो. आणि घरात किंवा जमिनीत हक्क सांगणारा दावा लावला असेल तर महाराष्ट्रात त्या दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, तरच नंतर विकत घेणारा दाव्यात बांधला जातो. हे पुष्कळदा राहून जातं. आपल्या वकिलांना विचारायला लाजू नका. 'लिस पेंडन्सची नोटीस नोंदवली का?' एवढंच विचारा.

आणि बोजा काय फक्त बँकेनंच चढवायचा? हे मला स्वतःला उशिरा समजलं, म्हणून जरा थांबून सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये कायमच्या पोटगीचा जो हुकूम होतो, तिथे स्पष्ट म्हटलंय की गरज वाटल्यास ती पोटगी नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवून सुरक्षित करता येईल. म्हणजे सोसायटीचं नाव जसं इतर हक्कात चढतं तसं आपलंही चढू शकतं! मग तो ती जमीन आपल्याला डावलून गुपचूप विकून टाकू शकत नाही. पण हे आपोआप होत नाही. हुकुमात तसं मागावं लागतं, मिळाल्यावर तलाठ्याकडे किंवा भूमापन कार्यालयात नोंद करून घ्यावी लागते. केंद्रात आलेल्या हुकुमांपैकी फार थोड्यांत हे मागितलेलं मी पाहिलं.

त्यातच सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२४ चा एक निर्णय फार महत्त्वाचा आहे. नवऱ्याच्या डोक्यावर बँकांचं देणं असेल तर पोटगीच्या थकबाकीचं काय, असा प्रश्न होता. कोर्टानं सांगितलं की पोटगी हा सन्मानानं जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि थकलेल्या पोटगीचा हक्क सरफेसी आणि दिवाळखोरी कायद्याखालच्या घेणेकऱ्यांच्या हक्काच्या आधी येतो. गरज पडली तर नवऱ्याची स्थावर मिळकत लिलाव करून थकबाकी वसूल करावी असंही म्हटलं. पेपरात आतल्या पानावर छोटीशी बातमी होती. मी कात्रण काढून केंद्रात लावलंय. 'बँकेचंच भागत नाही, तुला कुठून देऊ' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याची किंमत कळेल. मात्र नीट समजून घ्या, हे थकलेल्या पोटगीबद्दल आहे. आपण स्वतः सही केलेल्या कर्जातून त्यानं सुटका होत नाही.

सुटका करायची तर ती घटस्फोटाच्या आधी. संमतीपत्रात 'कर्ज पती फेडेल' एवढ्यावर भागवू नका. आधी बँकेत जायचं आणि आपलं नाव काढायला बँकेची लेखी मान्यता घ्यायची. त्याचं एकट्याचं उत्पन्न पुरत नसेल तर बँक सहज सोडणार नाही, मग त्यानं त्याच्या भावाला, वडिलांना सहकर्जदार करावं, नाहीतर कर्ज दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावे न्यावं. यातलं काहीच जमत नसेल तर घर विकून कर्ज मिटवणं आणि उरलेलं वाटून घेणं हाच मार्ग मला तरी शहाणपणाचा वाटतो. घराची माया असते, मला कबूल आहे. पण त्या घरात आपण राहणार नसतो आणि हप्ता मात्र आपल्या नावावर चालू असतो. दुसरी संमती द्यायला सहा महिने थांबावं लागतं तो काळ याच कामाला वापरावा. २०१७ पासून हे सहा महिने माफही होऊ शकतात आणि वकील लवकर मोकळं व्हायला सांगतात. कर्ज लटकलेलं असेल तर घाई करू नये.

आणखी एक. घर बायकोच्या नावे करायचं ठरलं तर बक्षीसपत्रानं करताना राहत्या घराला किंवा शेतजमिनीला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, इतर अधिभार वेगळे. पण ही सवलत पत्नीला आहे. हुकूम झाल्यावर आपण पत्नी उरत नाही. तेव्हा तारीख बघून कामं करा. आणि गहाण मिळकत असेल तर बँकेची परवानगी लागणारच.

नवऱ्याची देणी कळत नाहीत अशी तक्रार असते. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगीच्या सगळ्या दाव्यांत दोघांनी मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायलाच हवं असं ठरवून दिलं. ते प्रकरण आपल्या नागपूरचंच. त्यात कर्जाचा रकाना असतो. तो रिकामा सोडला असेल तर वकिलांच्या नजरेला आणून द्या.

आपल्या शेजारी गोव्यात चित्र वेगळं आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानं तिथे वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मिळकतीत दोघांचा निम्मा वाटा, आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर विकता येत नाही. आपल्याकडे लग्नाच्या मिळकतीचा असा कायदाच नाही. देणं वाटून घ्यायला दोघं, मालकी ज्याच्या नावावर त्याची!

झालं ते झालं, आता स्कोअरचं काय? चार पतमाहिती कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून प्रत्येक खातं वाचायचं. सहकर्जदार आणि जामीनदार म्हणून असलेली खातीही त्यात दिसतात. चूक असेल तर बँकेकडे आणि कंपनीकडे लेखी तक्रार करायची. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. पण थकबाकी खरी असेल तर तक्रारीनं ती पुसली जात नाही. 'स्कोअर दुरुस्त करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटांना दारात उभं करू नका.

कर्ज मिटवताना 'सेटलमेंट' आणि 'पूर्ण फेड' यातला फरक जपा. कमी रकमेत तडजोड केली तर अहवालात 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढचा बँकवाला तोंड वाकडं करतो. शक्य असेल तर पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घ्यावं. पूर्ण फेडल्यावर तीस दिवसांत बँकेनं मूळ कागद परत द्यायचे आणि बोज्याची नोंद काढायची, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. डिसेंबर २०२३ पासूनचा हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पतसंस्था त्यात येत नाहीत, तिथे सहायक निबंधकांकडे अर्ज करावा लागतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं की पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याला केवळ सिबिल इतिहास नाही म्हणून नाकारू नये. ताईला मी ते वाचून दाखवलं. ती हसली. 'म्हणजे मी काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं म्हणा की.' तिच्या नावावर इतिहास होता, फक्त तो तिचा नव्हता.

तिचं काय झालं ते सांगते. आधी बँकेत जाऊन पत्ता बदलला, नोटिशीची प्रत घेतली. विधी सेवेतून मिळालेल्या वकीलबाईंनी संमतीची अट मोडल्याबद्दल नवऱ्याविरुद्ध दरखास्त दाखल केली. तिकडे बँकेनं ताब्याची भाषा सुरू केल्यावर तोही जागा झाला. लिलावाची नोटीस निघायच्या आत बँकेच्या संमतीनं फ्लॅट विकायला तयार झालाय. लिलावापेक्षा खुल्या बाजारात भाव बरा येतो हे त्यालाही कळतं. मोटारसायकलचे राहिलेले बावीस हजार मात्र तिनंच भरले, कानातले विकून. ते खातं बंद झालं, दाखला मिळाला, पुढच्या अहवालात तसं दिसतंयही. बावीस हजारांची मागणी वकीलबाईंनी दरखास्तीत घातली आहे.

मशीनचं म्हणाल तर एक ओव्हरलॉक आलं. गटातल्या बायकांनी अंतर्गत बचतीतून पंचवीस हजार दिले, तिथे सिबिल बघत नाहीत. पिकोचं अजून राहिलंय. फ्लॅटला एक गिऱ्हाईक येऊन गेलं, दोन लाखांवर अडलंय. कोर्टाची पुढची तारीख वीसला आहे. त्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर मी बँकेतही जाणार आहे, विक्रीच्या करारात कर्ज आधी मिटेल आणि नंतर पैसे वाटले जातील असं लिहिलंय का ते बघायला. तिनं मला बजावून ठेवलंय, 'मॅडम, चष्मा विसरू नका.'